हडर्सफील्डचा हॅरल्ड वॅगस्टाफ: मुलाच्या प्रोजेक्टसाठी मदत हवी आहे

स्मिता_सांगलीकर

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. आम्ही दीड वर्षापूर्वी इंग्लंडात हडर्सफील्डला आलो, नवऱ्याची नोकरी इथे आहे. मुलगा अकरा वर्षांचा. शाळेत प्रोजेक्ट दिलाय, आपल्या गावातल्या जुन्या काळच्या एका माणसाबद्दल लिहून आणायचं आणि वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं. वर्गातल्या बऱ्याच पोरांनी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन घेतले, स्टेशनबाहेर त्यांचा पुतळाच आहे. आमच्या चिरंजीवांनी दुसराच हॅरल्ड घेतला, हॅरल्ड वॅगस्टाफ, शंभर वर्षांपूर्वीचा रग्बी लीगचा खेळाडू. मित्राच्या आजोबांनी त्याला सांगितलं की पंधराव्या वर्षी तो पैसे घेऊन पहिली मॅच खेळला, तेव्हापासून पोरगं त्याच्याच मागे लागलंय.

आमच्या घरात क्रिकेट सोडून कुणाला काही कळत नाही. मी थोडं वाचलं तर रग्बी दोन प्रकारची, एक युनियन आणि एक लीग, आणि ही लीग म्हणे आमच्या स्टेशनशेजारच्या जॉर्ज हॉटेलात सुरू झाली, जे २०१३ मध्ये बंद पडलं आणि मी रोज त्याच्यासमोरून ऑफिसला जाते! पण मुलाने काल जेवताना एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता येईना. तो म्हणाला, आई, खेळायचे पैसे घेतले म्हणून त्या लोकांना दुसऱ्या रग्बीत जन्मभर बंदी होती, म्हणजे त्यांनी चोरी केली होती का?

इथे यॉर्कशर-लँकेशरमधले बरेच जण आहेत असं दिसतं. त्या काळी प्रोफेशनल खेळाडू म्हणजे नक्की काय होतं, पोट भरायचं का त्यावर, आणि या वॅगस्टाफचं पुढे काय झालं, कुणी नीट सांगेल का? पोराला समजेल असं.

लीड्सकर

स्मिताताई, तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. बावीस वर्षं झाली मला इकडे येऊन, पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने बळंबळं एका रग्बी लीगच्या मॅचला नेलं, तेव्हापासून सुटलं नाही. वॅगस्टाफबद्दल मराठीत कधी लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी मुलाचा प्रश्न. चोरी अजिबात नाही. झालं असं की रग्बीचे नियम करणारी संस्था लंडनची, तिथली माणसं मोठ्या फीच्या शाळांतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेली, त्यांना खेळ म्हणजे हौस. पण इकडे उत्तरेत, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, खेळणारा माणूस गिरणीतला, कोळशाच्या खाणीतला, गोदीतला. शनिवारी दुपारपर्यंत काम असायचं आणि मॅच शनिवारीच. बाहेरगावी मॅच असली की सकाळीच आगगाडी पकडायची म्हणजे अर्धा दिवस बुडला, आणि दिवस बुडला की तेवढे पैसे कापले. पाय मोडला तर महिनाभर काहीच नाही. क्लब मात्र तिकिटं लावून दहा-दहा हजार लोक जमवायचे. तर यॉर्कशरच्या क्लबांनी एवढंच मागितलं की खेळण्यापायी जेवढी मजुरी बुडते तेवढी भरून द्यायची परवानगी द्या. पगार मागितला नव्हता हे मुलाला नक्की सांगा. १८९३ साली लंडनला सभा झाली, मतं पडली, २८२ विरुद्ध १३६, मागणी फेटाळली.

मग दोन वर्षं धुसफूस चालली आणि २९ ऑगस्ट १८९५ ला उत्तरेकडच्या क्लबांचे प्रतिनिधी तुमच्या त्या जॉर्ज हॉटेलात बसले आणि वेगळी चूल मांडली. नाव नॉर्दर्न युनियन. पहिल्या सीझनला २२ क्लब होते. बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचे ठरले, त्याच्या वर नाही. रग्बी लीग हे नाव फार नंतर, १९२२ मध्ये आलं.

लंडनवाल्यांनी काय केलं, तर जो कुणी नॉर्दर्न युनियनमध्ये एकदा जरी खेळला, मग पैसे न घेता का असेना, त्याला जन्मभर आपल्या मैदानावर पाय ठेवू द्यायचा नाही असा नियम करून टाकला. ही झाली ती बंदी.

प्रोफेशनल म्हणजे काय, तर तेही एकदम झालं नाही. १८९८ मध्ये उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूला दुसरी खरी नोकरी पाहिजेच. नोकरी सुटली की खेळ बंद! आणि नोकरीसुद्धा यांना पटेल अशी पाहिजे, दारूच्या गुत्त्यात वाढप्या किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणारा चालायचा नाही, कारण क्लबवाले नावापुरती नोकरी देतील अशी भीती. ही अट १९०५ ला काढली. आणि १९०६ ला पंधराचे तेरा खेळाडू केले, म्हणजे मैदान मोकळं झालं, पळायला आणि पास द्यायला जागा झाली. आपला वॅगस्टाफ नेमका त्याच वर्षी आला, नशीब बघा.

जन्म १९ मे १८९१, होमफर्थजवळ अंडरबँक. तुमच्यापासून सहा-एक मैलांवर डोंगराच्या कुशीतलं दगडी घरांचं गाव, तेव्हा लोकरीच्या गिरण्यांचं. गावातल्या पोरांच्या टीममध्ये खेळता खेळता हडर्सफील्डच्या लोकांच्या नजरेत आला आणि त्यांनी त्याला पाच सोन्याची नाणी देऊन सही करून घेतली. पाच सॉव्हरिन म्हणजे पाच पौंड. दिवस बुडाल्याचे सहा शिलिंग हिशेबात धरले तर सोळा-सतरा दिवसांची भरपाई, एवढ्यात अख्खा वॅगस्टाफ मिळाला त्यांना. १० नोव्हेंबर १९०६ ला ब्रॅमलीविरुद्ध पहिली मॅच, वय १५ वर्षं १७५ दिवस. समोर खाणीत काम करणारे तीस-तीस वर्षांचे गडी. सतराव्या वर्षी तो यॉर्कशरकडून आणि मग इंग्लंडकडून खेळला, विशीत क्लबचा कॅप्टन.

तो सेंटरला खेळायचा. तुमच्या मुलाला सांगा, सेंटरचं काम म्हणजे स्वतः पळून ट्राय (म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) करण्यापेक्षा समोरच्याला आपल्या अंगावर घ्यायचं आणि तो आला की शेवटच्या क्षणाला बाजूच्या विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्याला, बॉल द्यायचा. लवकर दिला तर विंगर पकडला जातो, उशिरा दिला तर आपण. वॅगस्टाफची ती वेळ चुकायची नाही म्हणून लोक त्याला सेंटर्सचा राजपुत्र म्हणायचे. त्याच्यामुळे बाहेरच्या बाजूने किती ट्राय झाले त्याचा हिशेब पुढे कुणीतरी सांगेलच, मी थांबतो जरा, चहा करतो.

गिरणगाव_परळ

लीड्सकर दादा, तुम्ही जे बुडालेल्या दिवसाचे पैसे म्हणताय ना त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, खाडा. स्मिताताई, पोराला हा शब्द शिकवा, सगळी गोष्ट त्यात आली.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते, आधी बदली कामगार, मग कायम. संध्याकाळी चाळीच्या पटांगणात कबड्डी. एकदा बाहेर सामने होते म्हणून दोन दिवस गेले, टीम जिंकली, ढाल घेऊन ट्रकमधून वाजतगाजत आले आणि सोमवारी भोंग्याला हजर झाले तर मुकादम म्हणाला दोन खाडे लागलेत. त्या महिन्याला आजीने वाण्याकडे उधारी केली ते ती मरेपर्यंत सांगायची. ढाल मंडळाच्या कपाटात, खाडा आमच्या घरात. त्या काळी कुणी आजोबांना म्हणालं असतं की तुझे दोन खाडे मंडळ भरून देतं तर त्यात काय पाप होतं? पण तेव्हाही म्हणणारे होतेच की खेळ हा हौसेनं खेळायचा, पैशाची भाषा कशाला. ज्याचा खाडा होत नाही तो हे बोलू शकतो.

आणि एक गंमत नाही, खरीच गोष्ट आहे. आजोबा ज्या मशीनवर काम करायचे त्याच्या लोखंडावर उठावाच्या अक्षरांत नाव ओतलेलं होतं, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. त्यांना इंग्रजी येत नव्हतं पण ती अक्षरं ते बोटाने हवेत काढून दाखवायचे. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत ओल्डहॅमची मशीनं होती. ओल्डहॅम म्हणजे या नॉर्दर्न युनियनवाल्यांपैकीच गाव ना? म्हणजे ती मशीनं घडवणारे हात आणि ती चालवणारे हात, दोघांचंही दुखणं एकच होतं की.

लीड्सकर

@गिरणगाव_परळ, वाचून गलबललं. हो, ओल्डहॅम म्हणजे या खेळाचं मोठं गाव, अगदी सुरुवातीपासूनचं. आणि खाडा हाच शब्द. त्यांच्या भाषेत त्याला ब्रोकन टाइम म्हणतात, मी इतकी वर्षं त्याला मराठी शब्द शोधत होतो आणि तो माझ्याच काकांच्या तोंडात होता.

मैदानवेडा

मस्त धागा. मला कुणीतरी ती १९१४ ची सिडनीची मॅच सांगा राव, ज्यात दहा जणांनी तेरा जणांना हरवलं, अर्धवट ऐकलंय. कॅप्टन हाच होता ना?

लीड्सकर

हाच. तेवीस वर्षांचा कॅप्टन. बसा, सांगतो.

१९१४ मध्ये ब्रिटनची टीम बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली. तीन टेस्ट. पहिली २७ जूनला शनिवारी, ब्रिटनने २३-५ ने मारली. दुसरी सोमवारी २९ जूनला, मध्ये एक दिवस फक्त, ती ऑस्ट्रेलियाने १२-७ ने घेतली. तिसरी खरं तर ऑगस्टमध्ये मेलबर्नला ठरली होती. पण मालिका बरोबरीत आली, सिडनीत गर्दी उसळली होती, गल्ला दिसत होता, म्हणून तिथल्या लोकांनी ती उचलून ४ जुलैला सिडनीतच ठेवली. म्हणजे आठ दिवसांत तीन टेस्ट! ब्रिटनचे निम्मे गडी जायबंदी, मॅनेजर क्लिफर्ड म्हणाला आम्ही नाही खेळणार, मायदेशी तार केली, तिकडून उलट तार आली की खेळा, इंग्लंडची अपेक्षा आहे की प्रत्येकजण आपलं कर्तव्य करील. नेल्सनचं ते प्रसिद्ध वाक्य. क्लिफर्डने ती तार खेळाडूंना वाचून दाखवली.

आता त्या काळी बदली खेळाडू नसायचा हे लक्षात ठेवा. एक गेला की गेला. मॅच सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तो विंगर फ्रँक विल्यम्सचा पाय गेला. तरी ब्रिटनने एक ट्राय केला आणि ओल्डहॅमच्या आल्फ वुडने (हो हो, त्याच ओल्डहॅमच्या) किक मारून गोल केले. हाफटाइमला ९-०. वुडचं नाक मोडलेलं होतं, तो तसाच खेळत होता.

मग डग्लस क्लार्क. हा कंबरलंडमधल्या मेरीपोर्टचा कोळशाचा व्यापारी, धिप्पाड, पक्का पैलवान, त्यांच्याकडची कुस्ती खेळायचा. त्याचा अंगठा आधीच मोडला होता, पट्टी बांधून परत आला, मग गळपट्टीचं हाड मोडलं. हात अंगाला करकचून बांधून घेतला आणि पुन्हा मैदानात आला. पण हात बांधलेला पैलवान टॅकल कसा करणार, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणार कसा. शेवटी बाहेर जाताना तो रडत होता. दुखण्यानं नाही, आपली माणसं कमी पडतायत म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसलो होतो. मग बिली हॉलच्या डोक्याला मार लागला, तोही बाहेर. तेराचे दहा झाले.

दहा जण आणि अजून बराच वेळ बाकी, समोर ताजे तेरा ऑस्ट्रेलियन. विंगरच्या जागी चिक जॉन्सन नावाचा फॉरवर्ड उभा केलेला, ज्याचं आयुष्य रेटारेटीत गेलं, पळण्याशी संबंध कमी. आणि ज्या वेळी सगळे म्हणतात मागे उभे रहा आणि अडवा, त्या वेळी वॅगस्टाफने फट बघितली आणि घुसला. त्यांचा सगळ्यात मागे राहणारा राखणदार, फुलबॅक, अंगावर येईपर्यंत थांबला, मी वर म्हटलं तेच, शेवटच्या क्षणाला बॉल जॉन्सनला दिला. जॉन्सनला कळलं की हातात बॉल घेऊन आपण पळालो तर गाठणार हे लोक आपल्याला. त्याने काय केलं, बॉल खाली पायाशी टाकला आणि फुटबॉलसारखा ढकलत ढकलत नेला, लांबट वाकडा बॉल, कुठेही उसळी घेतो तो, पण त्या दिवशी घेतली नाही, आणि रेषेपलीकडे जाऊन त्यावर पडला. वुडने वरचा गोल मारला. १४-०.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाने सहा गुण केले, पण १४-६ वर मॅच संपली. तिथल्या पेपरवाल्यांनीच तिला नाव दिलं रोर्क्स ड्रिफ्ट टेस्ट. १८७९ साली आफ्रिकेत झुलूंविरुद्ध मूठभर ब्रिटिश सैनिकांनी एक ठाणं राखलं होतं त्यावरून. मला व्यक्तिशः ते नाव आवडत नाही, झुलूंच्या जमिनीवर जाऊन केलेली लढाई आणि गिरणी-खाणीतल्या दहा मजुरांनी दिलेली झुंज याची तुलना मला पटत नाही, पण नाव तेच चालतं.

बोंडाय_बाबा

सिडनीहून. आमच्या बाजूचंही थोडं सांगतो कारण पैशाचा विषय इकडेही तोच होता. लीड्सकर म्हणतात ते खरंय, टेस्ट हलवली ती गल्ल्यासाठीच, इथल्या जुन्या लोकांनाही त्याचा अभिमान वाटत नाही.

इथला त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू डॅली मेसेंजर, बालमेनला जन्मलेला, १८८३ चा. १९०७ मध्ये न्यूझीलंडची प्रोफेशनल टीम इंग्लंडला निघाली आणि ती सिडनीत खेळली तेव्हा हा त्यांच्याविरुद्ध खेळला आणि मग त्यांच्याबरोबर इंग्लंडलाही गेला, त्या टीममधला एकटा ऑस्ट्रेलियन. हौशी रग्बीवाल्यांनी काय करावं, त्याचं नाव आपल्या रेकॉर्डमधून खोडून टाकलं. जे पॉइंट्स केले होते ते जणू केलेच नाहीत. २००७ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, ते परत लिहिलं. आज इथल्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याच नावाने देतात, डॅली एम. लेकीला मी दरवर्षी तो सोहळा बघताना सांगतो की या माणसाचं नाव एकदा पुसलं होतं.

आता हडर्सफील्डशी संबंध. मेसेंजरच्याच क्लबमधला आल्बर्ट रोझनफेल्ड, सिडनीचा ज्यू पोरगा, १९०८ च्या पहिल्या कांगारू (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टीमच्या) दौऱ्यावर इंग्लंडला गेला आणि हडर्सफील्डने त्याला ठेवून घेतलं. विंगर. वॅगस्टाफच्या टीममधला. १९१३-१४ च्या एका सीझनमध्ये त्याने ८० ट्राय केले. ऐंशी! शंभर वर्षं उलटली, अजून कुणाला मोडता आला नाही. आणि खेळ संपल्यावर याच माणसाने हडर्सफील्डच्या म्युनिसिपालिटीत कचरागाडीवर नोकरी केली. ताई, तुम्ही विचारलंत ना पोट भरायचं का, हे उत्तर. तो तिथेच राहिला, तिथेच १९७० मध्ये वारला.

स्मिता_सांगलीकर

अरे बापरे, मी दोन तास फोन बघितला नाही तर एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला मॅचची गोष्ट वाचून दाखवली, क्लार्क रडत बाहेर गेला तिथे तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला पुढे युद्ध झालं ना १९१४ ला, हे लोक मेले का? मला माहीत नाही म्हटलं, विचारते.

आणि लीड्सकर दादा, खेळ सोडल्यावर वॅगस्टाफने काय केलं तेही राहिलंच.

लीड्सकर

पोरगं हुशार आहे, नेमकं तिथेच गेलं.

टीम बोटीने परत येत असेपर्यंत युद्ध सुरू झालं होतं. तरी १९१४-१५ चा सीझन खेळवला आणि त्यात हडर्सफील्डने मिळतील ते चारही कप घेतले. चॅलेंज कपच्या फायनलला सेंट हेलन्सला ३७-३, लीगच्या फायनलला लीड्सला ३५-२ (लीड्सकर म्हणून लिहिताना बोटं दुखतायत), यॉर्कशर कपला हल या गावच्या क्लबला ३१-०. आकडे बघा, फायनलचे आहेत हे. इंग्लंड, वेल्स, कंबरलंड, ऑस्ट्रेलिया, कुठकुठचे लोक त्या एका टीममध्ये, कुणी गवंडी, कुणी कोळसेवाला, म्हणून तिला टीम ऑफ ऑल द टॅलेंट्स म्हणत. आणि मग सगळं थांबलं, चार वर्षं.

मेले का, तर हो, काहीजण. वॅगस्टाफच्याच टीमचा फॉरवर्ड फ्रेड लाँगस्टाफ १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत गेला. सिडनीच्या दौऱ्यावर बरोबर असलेले लीड्सचा जार्मन आणि रॉचडेलचा वॉल्टर रोमन, तेही त्याच उन्हाळ्यात, सोमलाच. क्लार्क बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या लढाईत होता, जखमी झाला, विषारी वायू फुफ्फुसात गेला, शौर्याचं मिलिटरी मेडल मिळालं. त्या माणसाने १९२० ला पुन्हा ऑस्ट्रेलियाचा दौरा केला आणि नंतर प्रोफेशनल कुस्तीही खेळला. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक आहात, तुम्हाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

वॅगस्टाफ सैन्याच्या वाहनांच्या तुकडीत गेला, लंडनजवळ ग्रोव्ह पार्कला. तिथे काय झालं ऐका, मुलाच्या पहिल्या प्रश्नाशी संबंध आहे. युद्ध चालू असेपर्यंत लंडनवाल्यांनी बंदी बाजूला ठेवली, सैन्यात असलेल्यांनी एकत्र खेळायला हरकत नाही म्हणाले. तर त्या तुकडीची पंधरा जणांच्या रग्बीची टीम झाली आणि तिच्यात वॅगस्टाफ, क्लार्क, रोझनफेल्ड, ग्रोनोव असे हडर्सफील्डचे चार-चार गडी. १९१६-१७ ला २६ पैकी २५ मॅचेस जिंकल्या. हौशी साहेबलोकांच्या खेळात, त्यांच्याच नियमांनी. पुढे वॅगस्टाफला इजिप्तला पाठवलं. आणि युद्ध संपलं, तशी बंदी परत लागू. बरोबर खंदकात बसलेला चालत होता, बरोबर मैदानावर उभा राहिलेला नाही. मला या सगळ्या इतिहासात याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

परत आल्यावर १९२० ला पुन्हा तो कॅप्टन म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला. त्या सीझनला हडर्सफील्ड पुन्हा चारही कप घेणार असं दिसत होतं, तीन घेतले, पण लीगच्या फायनलच्या वेळी वॅगस्टाफसकट पाच जण बोटीवर होते आणि हलने त्यांना ३-२ ने हरवलं. देशासाठी बोलावलं म्हणून घरचा कप गेला.

१९२५ ला खेळणं थांबलं. वयाची पस्तिशीही नव्हती, पण पंधराव्या वर्षापासून अंगावर घेत आलेला माणूस, अठरा वर्षं. मग हॅलिफॅक्स आणि ब्रॉटन रेंजर्सला कोचिंग केलं आणि पब चालवला, हडर्सफील्डमध्येच, रॉयल स्वान. त्या काळी नाव कमावलेल्या खेळाडूचं हे ठरलेलं असायचं, पबवर नाव लागलं की लोक बघायला यायचे, दोन ग्लास जास्त खपायचे. लोक वेस्टगेटवरून जाताना आत डोकावायचे, काउंटरमागे तो उभा. १९ जुलै १९३९ ला गेला, अवघा ४८ वर्षांचा. १९८८ ला रग्बी लीगचं हॉल ऑफ फेम सुरू झालं त्यात पहिल्याच यादीत नाव आहे.

आणि एक तारीख मुलाने वहीत मोठ्या अक्षरात लिहावी. १९९५ च्या ऑगस्टमध्ये, २६ तारखेला, रग्बी युनियनने, म्हणजे त्या लंडनवाल्यांच्या खेळाने, जाहीर केलं की आता आमच्या खेळातही पैसे घेता येतील. २९ ऑगस्ट १८९५ पासून मोजा. शंभर वर्षांना तीन दिवस कमी.

मैदानवेडा

शंभर वर्षं!! अंगावर काटा आला. म्हणजे शेवटी खाडा भरून द्यावाच लागला.

अनघा_बोल्टन

एक छोटी दुरुस्ती नाही पण भर. मुलाने मॅच आता टीव्हीवर बघितली तर सहा टॅकल झाले की बॉल समोरच्यांना द्यायचा असं दिसेल. वॅगस्टाफच्या वेळी तसं नव्हतं, कितीही वेळ बॉल आपल्याकडे ठेवता यायचा, ही मर्यादा १९६६ नंतर आली, आधी चार मग सहा. वर्गात कुणी रग्बी खेळणारा पोरगा असेल तर हमखास विचारेल, म्हणून सांगितलं. पण टॅकल झाल्यावर उठून पायाने बॉल मागे सारायचा, ते मात्र १९०६ पासूनचंच आहे, त्याच्या पहिल्या सीझनपासून.

माझा मुलगा इथे अंडर-टेनमध्ये खेळतो, मी सुरुवातीला डोळे मिटून बसायचे, आता मीच ओरडते.

गिरणगाव_परळ

स्मिताताई, मुलाने वर्गात काय बोललं ते नक्की लिहा इथे. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

स्मिता_सांगलीकर

काल झालं त्याचं भाषण, लिहायचं राहून गेलं होतं.

पाच मिनिटांचं आठ मिनिटं बोलला. घरून पाच पेन्सच्या नाण्यांऐवजी त्याने सोनेरी कागदात गुंडाळलेली पाच चॉकलेटची नाणी नेली होती, टेबलावर एकेक ठेवत म्हणाला की एवढ्यात हॅरल्डने सही केली. मग मॅचची गोष्ट सांगितली, तेरा पोरांना उभं केलं आणि तिघांना एकेक करून खाली बसवलं. क्लार्क झालेल्या मुलाने हात पोटाशी धरून ठेवला होता शेवटपर्यंत, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आणि तो शब्द त्याने मराठीतच ठेवला. फळ्यावर देवनागरीत लिहिला, खाडा, आणि सांगितलं की माझ्या भाषेत याला एक शब्द आहे, मुंबईच्या गिरणीतल्या एका आजोबांचा. बाईंनी तो सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतला. त्यांना ड येईना, खाऽरा खाऽरा चाललं होतं म्हणे. @गिरणगाव_परळ दादा, तुमच्या आजोबांचं ओल्डहॅमच्या मशीनचंही सांगितलं त्याने, तेव्हा एक मुलगी म्हणाली की माझी पणजी ओल्डहॅमच्या गिरणीत होती.

येत्या शनिवारी होमफर्थला अंडरबँक रेंजर्सची मॅच आहे, वॅगस्टाफच्या गावची टीम, ती बघायला चाललोय तिघंही. लीड्सकर दादा, तिकडे गाडी लावायला जागा मिळते का, की बसने जावं? आणि चिखल किती असतो, पोराला गमबूट घालू का?

लीड्सकर

बसने जा, रस्ते अरुंद आहेत. गमबूट तिघांनीही घाला. आणि हाफटाइमला वाटाणे घातलेली पाई (इथला सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळाली तर खा, ताटलीत व्हिनेगर ओतून. मी पण येतोय, टोपी लाल असेल.